शॉप फ्लोअरवर मदत बोलवायला बिनतारी बटणं : कुठली घ्यावीत, कशी बसवावीत?

अंबडचा_फिटर

नमस्कार मंडळी,

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका मशिन शॉपसाठी सल्ला हवा आहे. दोन शेड, २८ मशिन्स: १६ सीएनसी टर्निंग (संगणकावर चालणारे लेथ), ८ व्हीएमसी (उभी मिलिंग मशिन्स) आणि ४ जुन्या प्रेस. माल संपला, मशिन अडलं किंवा पहिला जॉब तपासून हवा असला की ऑपरेटरला मशिन सोडून माणूस शोधत फिरावं लागतं. शेडमध्ये मोबाइल बंद. फेरी मारून परत येईपर्यंत दहा मिनिटं जातात आणि ती कुठल्याच रजिस्टरला लागत नाहीत.

हवं ते एवढंच: मशिनपाशी बटण, ते दाबलं की स्टोअर, मेंटेनन्स किंवा क्यूएच्या (तपासणी खात्याच्या) स्क्रीनवर मशिन नंबर दिसावा आणि वेळ नोंदली जावी. टोयोटाच्या अँडॉनसारखं (लाइनवरून मदत बोलावण्याच्या दिव्यांसारखं), पण साधं. तारा ओढायच्या नाहीत, कारण लेआउट बदलत राहतो आणि वर ईओटी क्रेन फिरते.

१) वायफाय की दुसरं काही? २) सेल किती टिकतो? ३) एका मशिनला किती बटणं? ४) सर्व्हर आपला आपण उभा करता येतो का?

सातपूर_शिफ्ट_बी

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करा, बाकीचे त्यावर ठरतात. एक आठवडा प्रत्येक मशिनपाशी कागद लावा आणि कोणाला कशासाठी बोलावलं एवढ्याच रेघा मारायला सांगा. बहुतेक ठिकाणी तीन कारणांत सगळं बसतं: माल, बिघाड, तपासणी. तीनच बटणं ठेवा. पाचव्या बटणापाशी हात थबकतो आणि मग माणूस जुन्या सवयीने चालत निघतो.

चहा_बिस्कीट

चौथं बटण चहाचं ठेवा, सगळ्यात जास्त तेच दाबलं जाईल :)

सातपूर_शिफ्ट_बी

@चहा_बिस्कीट, हसण्यावारी नेऊ नका, ही मागणी खरी आहे. सलग चालणाऱ्या लाइनवर ऑपरेटरला पाच मिनिटं बाहेर जायचं तर रिलीव्हर, म्हणजे बदली माणूस, लागतो. तिथे रिलीव्हरचं बटण हवंच. सुट्या सीएनसीवर गरज नाही, सायकल संपली की माणूस जाऊन येतो.

बसबार

वायफायबद्दल. ईएसपी३२ (वायफायवाली स्वस्त चिप) सगळ्यांच्या तोंडी आहे म्हणून आधी सेलचा हिशोब मांडतो.

झोपेतून उठून राउटरला जोडणं, आयपी घेणं, एमक्यूटीटीवर (छोट्या निरोपांच्या सेवेवर) निरोप टाकणं याला साधारण ३ सेकंद आणि सरासरी १२० मिलिअँपिअर धरा. म्हणजे एका दाबाला ०.१ एमएएच (मिलिअँपिअर-तास). दिवसाला ४० दाब झाले तर ४ एमएएच. हेच ईएसपी-नाऊने, म्हणजे राउटरशी न जोडता थेट रिसीव्हरला पाठवलं, तर जागं राहणं ०.२ सेकंदावर येतं. एका दाबाला सुमारे ०.००७ एमएएच, ४० दाबांना पाव एमएएचच्या आसपास.

आता झोपेचा खर्च. नुसती चिप गाढ झोपेत १० मायक्रोअँपिअरच्या आसपास घेते, दिवसाला ०.२४ एमएएच. पण बाजारातला डेव्हलपमेंट बोर्ड तसाच डब्यात टाकला तर त्यावरचा एएमएस१११७ रेग्युलेटर एकटाच ५ मिलिअँपिअर खात बसतो, म्हणजे दिवसाला १२० एमएएच. यूएसबीची चिप आणि पॉवरचा एलईडी वेगळे. २००० एमएएचचा सेल पंधरवड्यात संपतो आणि लोक वायफायला दोष देतात. नुसतं मॉड्यूल घ्या आणि ३.२ व्होल्टचा लिथियम आयर्न फॉस्फेट सेल सरळ जोडा, रेग्युलेटर लागतच नाही. रेडिओ सुरू होतो तेव्हा करंट ३०० मिलिअँपिअरच्या वर उडी घेतो. सीआर२०३२ नाणेसेलाला ते झेपत नाही, व्होल्टेज बसतं आणि चिप रिसेट होते. मॉड्यूलच्या पायापाशी ४७० ते १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका.

रेडिओवाला_नाशिकरोड

बसबार यांचा हिशोब बरोबर आहे. तरी नव्याने बनवायचं तर बटणात नॉर्डिकची एनआरएफ५२ ही ब्लूटूथ चिपची मालिका बरी. १.७ ते ३.६ व्होल्टवर चालते, झोपेत एक-दोन मायक्रोअँपिअर आणि पाठवताना मोजके मिलिअँपिअर. दोन एएए सेल पुरतात. ईएसपी३२ गेटवेला, म्हणजे बटणांचे निरोप झेलून सर्व्हरकडे देणाऱ्या डब्याला, शोभतो.

बँडबद्दल, कारण इथे पैसे वाया जातात. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झ परवानामुक्त आहे. लोरासाठी (लांब पल्ल्याच्या कमी विजेच्या रेडिओसाठी) ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ होता, २०२१ पासून ८६८ पर्यंत वाढवला. युरोपातली बिनबॅटरीची, दाबण्याच्या जोरावर वीज तयार करणारी एनओशनची बटणं ८६८.३ वर चालतात, म्हणजे आपल्या हद्दीबाहेर. ती हवी असतील तर २.४ गिगाहर्ट्झचं ब्लूटूथवालं मॉडेल घ्या. काहीही घेतलं तरी डब्ल्यूपीसीचं (दूरसंचार खात्याच्या रेडिओ शाखेचं) ईटीए प्रमाणपत्र विक्रेत्याकडून मागून घ्या.

मुसळगाव_फाटा

एवढं सगळं कशाला? एमजी रोडवर ४३३ मेगाहर्ट्झची रिमोट बटणं मिळतात, रिसीव्हरला रिले आणि रिलेला दिवा. एका दुपारचं काम.

रेडिओवाला_नाशिकरोड

@मुसळगाव_फाटा, एका मशिनला एक दिवा असेल तर चालेल. २८ मशिन्सना नको. ती बटणं एकतर्फी असतात, निरोप पोचला की नाही हे बटणाला कळत नाही. दोघांनी एका क्षणी दाबलं तर दोन्ही निरोप हवेत आपटतात आणि एकही पोचत नाही. स्वस्त रिसीव्हर व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) गोंगाटात बहिरे होतात. सेल उतरलाय हेही कोणी सांगत नाही.

टूलरूम_ताई

झिग्बीची (स्मार्ट होममधल्या रेडिओची) तयार बटणं कोणी सुचवण्याआधीच लिहिते. ऑफिससाठी छान आहेत. शॉपमध्ये दोन अडचणी: कूलंटचा शिडकावा आणि तेलकट बोटं. त्यांच्या कडेच्या फटीतून तेल आत जातं आणि दाबाचा कप्पा चिकटतो. त्यातूनही घ्यायचीच असतील तर वायफाय चॅनेल १, ६, ११ वर असताना झिग्बी चॅनेल १५, २० किंवा २५ वर ठेवा. आणि सेलवरची बटणं दुसऱ्याचा निरोप पुढे ढकलत नाहीत, त्यासाठी कायम विजेवर असलेले प्लग मधे मधे लागतात.

मशिनवर २२ मिमीची औद्योगिक पुश बटणंच लावा. डबा एबीएस किंवा पॉलिकार्बोनेटचा, आयपी६५ (धूळ आणि पाण्याचा फवारा रोखणारा). बटणावर नायट्राइल रबरचा बूट, साधं रबर तेलात फुगतं. पत्र्याचा डबा अजिबात नको, अँटेना आत कोंडते. प्लॅस्टिकचा डबा मशिनच्या पत्र्याला चिकटवला तरी पल्ला पडतोच, म्हणून मागे २५-३० मिमीचे स्पेसर द्या आणि मॉड्यूलची अँटेनाची बाजू बाहेर, शक्यतो वर ठेवा.

दुतर्फी टेप तेलाने सुटते. मॅग्नेट सोपा वाटतो, पण कास्ट आयर्नचं काम असेल तर त्याला बारीक चुरा दाढीसारखा धरतो. सरळ एम४चे दोन बोल्ट. जागा ऑपरेटर पॅनेलच्या बाजूला, छातीच्या उंचीवर. मशिनच्या सरकत्या दारावर नाही.

पोकायोके

रंगांबद्दल टूलरूम_ताईंच्या यादीत भर. लाल मशरूम पिवळ्या पाटीवर हे इमर्जन्सी स्टॉपचं रूप आहे, त्याच्या आसपासचं काहीही वापरू नका. बिघाडाला पिवळं, मालाला निळं, तपासणीला पांढरं. वर मोठं चित्र: पाना, ट्रॉली, व्हर्नियर. शेडमध्ये मराठी, हिंदी, भोजपुरी सगळं चालतं, चित्र सगळ्यांना वाचता येतं.

आणि हे ठळक लिहितो: बिनतारी बटणाने मशिन थांबवायचं नाही. हे बटण माणूस बोलावतं. इमर्जन्सी स्टॉप तारेचाच, मशिनच्या सेफ्टी सर्किटमधला. उद्या कोणीतरी 'याच बटणाने प्रेसही बंद करू' म्हणेल, त्याला तिथेच थांबवा.

सिडकोकर

मला बॅटरीचं सगळं प्रकरणच अनाठायी वाटतं. प्रत्येक सीएनसीच्या पॅनेलमध्ये २४ व्होल्टचा एसएमपीएस (वीजपुरवठा) आहे. बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारं सर्किट) लावा, बटण कायम जागं ठेवा, सेल बदलायची कटकटच नाही. निरोप बिनतारी, वीज तारेची.

बसबार

@सिडकोकर, मशिन कधी अडतं? एमसीबी पडला, फेज गेला, एसएमपीएसच उडाला. नेमकं त्याच वेळी तुमचं बटण मेलेलं असेल. माल आणि तपासणीला चालेल, बिघाडाला नाही. शिवाय वॉरंटीतल्या मशिनच्या पॅनेलमध्ये तार घातली की सर्व्हिस इंजिनिअर हात वर करतो.

सिडकोकर

मुद्दा मान्य. मग २४ व्होल्ट मुख्य आणि आत एक सेल राखीव? कायम जागं असलं की बटणातच दिवा ठेवता येतो, हा फायदा सोडवत नाही.

बसबार

तसं केलंत तर उत्तम, फक्त दोघांमध्ये डायोड हवा. लिथियम थायोनिल क्लोराइडचा ईआर१४५०५ टाकणार असाल तर लक्षात ठेवा, तो चार्ज होत नाही आणि त्याच्यात उलटा करंट जाऊ देणं धोक्याचं. तो सेल बरेच दिवस पडून राहिला की आत थर जमतो आणि पहिल्याच झटक्याला व्होल्टेज खाली येतं. म्हणून त्यालाही जोडीला कपॅसिटर हवाच.

गोंदे_लाइन_३

सगळे डब्याच्या आतलं बोलताय, बाहेरचं मी लिहितो. ही सिस्टिम बंद पडते ती रेडिओमुळे फार कमी वेळा. ऑपरेटर दाबतो, कोणी येत नाही. चार वेळा असं झालं की पाचव्यांदा तो चालत जातो आणि बटणावर धूळ बसते. त्यामुळे उत्तराची सोय आधी.

दाबल्यावर बटणाच्या एलईडीने अर्ध्या सेकंदात सांगावं: एकदा हिरवा म्हणजे गेटवेला पोचलं, तीनदा लाल म्हणजे नाही पोचलं. नाही पोचलं तर बटणानेच आधी चार-पाच वेळा पुन्हा पाठवून बघावं, मधलं अंतर २० ते १०० मिलिसेकंद, दर वेळी वेगळं. म्हणजे एकदम दाबणाऱ्या दोघांची पुन्हा टक्कर होत नाही.

ही झाली पोच. 'कोणीतरी निघालंय' हे वेगळं उत्तर आहे आणि ऑपरेटरला तेच हवं असतं. त्यासाठी प्रत्येक बेला (शेडच्या प्रत्येक भागाला) विजेवर चालणारा टॉवर लॅम्प किंवा मोठा स्क्रीन: कॉल आला की लुकलुकता, मेंटेनन्सने घेतला की स्थिर, काम झालं की बंद. हूटरवर भिस्त ठेवू नका. प्रेस चालू असताना कानात प्लग असतात.

टूलरूम_ताई

+१. मेंटेनन्सचा माणूस स्वतः शेडमध्येच फिरत असतो, त्याने स्क्रीन बघावा तरी कुठून? मनगटावरचा थरथरणारा पेजर त्याच्यासाठी बरा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर कॉल टाकू नका, सुप्रभातच्या फुलांखाली गाडले जातात.

गोंदे_लाइन_३

बिघाडाच्या कॉलला घड्याळातल्या तीन वेगवेगळ्या वेळा नोंदा: दाबलं कधी, माणूस पोचला कधी, मशिन सुरू झालं कधी. पोचल्यावर मेंटेनन्सवाल्याने तेच पिवळं बटण पुन्हा दाबायचं, सुरू झाल्यावर ऑपरेटरने तिसऱ्यांदा. 'मेंटेनन्स उशिरा येतं' आणि 'दुरुस्तीला वेळ लागतो' ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिल्याचा इलाज माणसं आणि पाळ्या, दुसऱ्याचा सुटे भाग आणि प्रशिक्षण. एकच वेळ नोंदली तर दोन्ही खाती एकमेकांकडे बोट दाखवत राहतात.

माल आणि तपासणीला दोनच: दाबलं, झालं.

सातपूर_शिफ्ट_बी

तीन दाब जास्त होतात. घाईत तिसरा हमखास राहतो आणि मशिन रात्रभर 'बंद' दिसतं. तिसरा दाब मशिनकडूनच घ्या. टॉवर लॅम्पच्या हिरव्या दिव्यावर ऑप्टोकपलर (थेट तार न जोडता सिग्नल देणारा भाग) लावला की सायकल सुरू झाल्याचं आपोआप कळतं.

गोंदे_लाइन_३

@सातपूर_शिफ्ट_बी, नव्या सीएनसीवर नक्की. जुन्या प्रेसवर तसा दिवाच नसतो, तिथे दाब ठेवावा लागेल. आणि दुरुस्तीत ट्रायल घेताना हिरवा दिवा लागतो, म्हणून सलग पाच मिनिटं चालल्यावरच कॉल बंद धरायचा.

कामगार_वस्ती

एक मुद्दा कोणी मांडला नाही. बटण आलं की ऑपरेटरला पहिल्यांदा वाटतं, आपल्यावर पाळत आली. नोंद मशिनच्या नावाने ठेवा, माणसाच्या नाही. पहिल्या दिवशी शेडमध्ये उभं राहून सांगा की ही घड्याळं मदत किती लवकर येते ते मोजतात. आणि सगळ्यात जास्त कॉल कोणत्या मशिनचे, अशी यादी भिंतीवर लावू नका. लावलीत तर कॉल कमी होतील, बिघाड तेवढेच राहतील.

पोकायोके

याला माझं पूर्ण अनुमोदन.

द्राक्षबाग_दिंडोरी

अवांतर: द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये प्रीकूलिंग रूमच्या आतून क्रेट मागवायला हीच बटणं चालतील का?

रेडिओवाला_नाशिकरोड

@द्राक्षबाग_दिंडोरी, चालतील, पण गेटवे किंवा निदान त्याची अँटेना खोलीच्या आत घ्या. पफ पॅनेलला (थंड खोलीच्या भिंतीला) दोन्हीकडून पत्रा असतो, दार लागलं की रेडिओ बाहेर येत नाही. शून्याच्या आसपास अल्कलाइन सेल मंदावतात आणि लिथियम आयर्न फॉस्फेटही ढिला पडतो. तिथे ईआर१४५०५ चांगला. डब्यात दव जमतं, म्हणून सर्किटवर कन्फॉर्मल कोटिंग (ओलावा रोखणारा लेप) द्या. मात्र आत अडकलेल्या माणसाची घंटा या बटणावर ठेवू नका. ती तारेची, स्वतंत्र बॅटरीची आणि अंधारात दिसेल अशी हवी, आणि दार आतून उघडलंच पाहिजे.

द्राक्षबाग_दिंडोरी

समजलं, आभारी आहे. वाचनखूण साठवली.

नोडरेड_गंगापूर

चौथ्या प्रश्नाकडे. सर्व्हर आपला आपण सहज उभा राहतो: एक छोटा पीसी किंवा रास्पबेरी पाय, त्यावर मॉस्क्विटो (निरोप झेलणारा), नोड-रेड (ते जोडणारा) आणि एसक्यूलाइट (डेटाबेस). स्क्रीन म्हणजे ब्राउझर उघडलेला टीव्ही. पाय घेतलात तर एसडी कार्डवर डेटाबेस ठेवू नका. लाइट गेली की कार्ड खराब होतं आणि महिन्याच्या नोंदी जातात. एसएसडी आणि छोटा यूपीएस, त्याच यूपीएसवर नेटवर्क स्विच आणि गेटवे.

ईएसपी-नाऊ वापरताना बऱ्याच जणांना अडवणाऱ्या गोष्टी:

गेटवेचा ईएसपी३२ वायफायने राउटरला जोडलेला असेल तर त्याला राउटरच्याच चॅनेलवर राहावं लागतं. राउटर 'ऑटो'वर असेल तर रात्री तो चॅनेल बदलतो आणि सकाळी सगळी बटणं मुकी. उत्तम उपाय म्हणजे इथरनेट असलेला ईएसपी३२ बोर्ड गेटवे म्हणून घ्या, वायफायचा भाग फक्त बटणांसाठी ठेवा आणि चॅनेल कायमचा ठरवा. राउटरला जोडणंच भाग असेल तर राउटरचा चॅनेल पक्का करा आणि गेटवेवर वायफायचं पॉवर सेव्ह बंद करा, नाहीतर मधले निरोप निसटतात.

दुसरं, पीअरची (ओळख नोंदवलेल्या डब्यांची) यादी २०वर थांबते आणि तुमचे डबे २८. घाबरू नका. साधे निरोप ऐकायला पीअर नोंदवावा लागत नाही, उत्तर द्यायला लागतो. नोंदवा, उत्तर पाठवा, काढून टाका. यात ईएसपी-नाऊचं एन्क्रिप्शन वापरता येत नाही, म्हणून निरोपातच चढता क्रमांक आणि गुप्त किल्लीने काढलेली सही घाला.

तिसरं, जुन्या ईएसपी३२वर अनेक पिनांनी जागं करायचं तर 'कुठलीही पिन हाय' किंवा 'सगळ्या पिना लो' एवढेच पर्याय आहेत. म्हणून बटणं ३.३ व्होल्टला जोडा आणि पिनेवर पुल-डाउन (एरवी पिन शून्यावर धरणारा रेझिस्टर) द्या. कोणतं बटण दाबलं ते पिन वाचून ठरवू नका, चिप उठेपर्यंत बोट निघालेलं असतं. जागं होण्याचं कारण नोंदवणारं रजिस्टर वाचा.

टूलरूम_ताई

पुल-डाउनची किंमतही सांगून टाका. २२ मिमी बटणांचे कॉन्टॅक्ट चांदीचे, २४ व्होल्टवरच्या कामाचे. ३.३ व्होल्टवर १०० किलोओहम दिलात तर करंट ३३ मायक्रोअँपिअर, काळपट थर फुटत नाही आणि बटण कधी लागतं, कधी नाही. ३.३ किलोओहम द्या, १ मिलिअँपिअर मिळेल. तो दाबलं तेवढाच वेळ वाहतो, सेलवर भार नाही. सोन्याचा मुलामा असलेले कॉन्टॅक्ट मिळाले तर सर्वांत चांगलं.

बसबार

आणि धातूचा चुरा अडकून बटण दाबलेलंच राहिलं तर? चिप झोपते, लगेच उठते, रात्रभरात सेल खलास. १० सेकंदांपेक्षा जास्त दाबलेलं दिसलं तर 'बटण अडकलं' असा निरोप पाठवून ती पिन बाजूला ठेवून झोपू द्या.

नोडरेड_गंगापूर

बरोबर. शिवाय प्रत्येक बटणाने दर सहा तासांनी हजेरी द्यावी, रेडिओ चालू असतानाचं सेल व्होल्टेज त्यात पाठवावं. २४ तास हजेरी नसेल तर तो डबा स्क्रीनवर राखाडी. मेलेलं बटण ऑपरेटरच्या आधी तुम्हाला कळलं पाहिजे.

अंबडचा_फिटर

सगळ्यांचे मनापासून आभार. आतापर्यंत ठरलेलं: २८ डबे, प्रत्येकात पिवळं-निळं-पांढरं, ईएसपी-नाऊ, लिथियम आयर्न फॉस्फेट सेल, दोन शेडला दोन इथरनेट गेटवे. आधी ४ प्रेस आणि ४ टर्निंगवर सुरू करतो. पल्ला कसा तपासू?

रेडिओवाला_नाशिकरोड

रिकाम्या शेडमध्ये तपासू नका. भर पाळीत, क्रेन फिरत असताना, रॅकमध्ये माल भरलेला असताना. डबा ठरलेल्या जागी बोल्टने बसवून गेटवेवर सिग्नल बघा, −७५ डीबीएमपेक्षा कमजोर असेल तर गेटवे हलवा. मग १०० दाब द्या आणि क्रमांकांत खाडे आहेत का बघा. पुन्हा पाठवण्याची सोय धरून शंभरच्या शंभर पोचले पाहिजेत. दोन्ही गेटवे एकाच चॅनेलवर ठेवा आणि निरोप ब्रॉडकास्ट (एकालाच नाही, सगळ्यांना) पाठवा, म्हणजे मधल्या मशिन्सचा निरोप दोन्हीकडे जातो. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरने टाकून द्यायचा.

नोडरेड_गंगापूर

मशिन नंबर डब्याच्या प्रोग्राममध्ये लिहू नका. डब्याचा मॅक पत्ता (चिपचा कायमचा ओळख क्रमांक) आणि मशिन यांची जोडी सर्व्हरवरच्या तक्त्यात ठेवा. लेआउट बदलला की एक ओळ बदलायची. दोन डबे तयार करून राखीव ठेवा.

अंबडचा_फिटर

शेवटची शंका. सेल बदलला की डब्यातला क्रमांक पुन्हा १ पासून सुरू होईल. सर्व्हर त्याला जुना निरोप समजून टाकून देईल ना?

नोडरेड_गंगापूर

देईल, म्हणून क्रमांकाचे दोन भाग करा. पहिला फ्लॅशमध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत), तिच्या एनव्हीएस भागात ठेवा, तो फक्त सेल टाकल्यावर एकने वाढवा. दुसरा झोपेतही टिकणाऱ्या आरटीसी मेमरीत ठेवा, तो दर दाबाला वाढवा. सर्व्हरने आधी पहिला भाग बघायचा, तो मोठा असेल तर निरोप नवा. पहिला सारखाच असेल तर दुसरा बघायचा. फ्लॅशवर वारंवार लिहावंही लागत नाही. एकच काळजी घ्या: सेल काढल्यावर कपॅसिटर रिकामा व्हायला एखादं बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि मगच नवा घाला, नाहीतर चिप अर्धवट उठते आणि आरटीसीमध्ये कचरा राहतो.